आवाज काढून दाखव

आई गेली त्यानंतरच्या पाचव्या आठवड्यात माझ्या गाडीच्या ब्रेकमधून आवाज यायला लागला. बारीक, शिट्टीसारखा. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी चालवायची नसते, ढकलायची असते. पाय ब्रेकवर नुसता ठेवायचा आणि उचलायचा. नेमका तेव्हाच तो यायचा. जोरात दाबला की बंद. पहिले तीन दिवस मी तो ऐकला आणि काहीच केलं नाही. त्या दिवसांत मी कशाचंच काही करत नव्हते. ऑफिसला जायचे, कॉल घ्यायचे, डबा खायचे, परत यायचे. कोणी विचारलं तर 'ठीक आहे' म्हणायचे, आणि ते खोटंही नव्हतं. दात काढण्याआधी हिरडीत इंजेक्शन देतात आणि गाल आपला वाटेनासा होतो, तसं ठीक होतं.

खरं तर ब्रेकचा आवाज दाखवायला मला कुठे जायची गरज नव्हती. माझे वडील ब्रेक लायनर बनवणाऱ्या कंपनीत होते, तीस वर्षांहून जास्त नोकरी. मराठवाड्यातून अप्रेंटिस म्हणून आले, ग्राइंडिंगच्या लाइनवर लागले आणि शेवटची काही वर्षं कंपनीच्या आवारात गाड्या फिरवून ब्रेक तपासायच्या कामावर होते. चिंचवडच्या आमच्या सोसायटीत कोणाच्याही गाडीने कुरकूर केली की आधी बाबांकडे यायचं आणि मगच गॅरेजला, असा रिवाज पडला होता. रविवारी सकाळी आमच्याकडे दवाखान्यासारखी माणसं बसलेली असायची.

बाबांची पद्धत ठरलेली होती. खाली जाऊन गाडी ऐकायच्या आधी ते गाडीवाल्याला समोर खुर्चीत बसवायचे आणि म्हणायचे, "आवाज काढून दाखव."

मोठमोठे लोक लाजायचे. आमच्या खालच्या मजल्यावर एका कंपनीतले मोठे साहेब राहायचे. त्यांनी ओठांचा चंबू करून 'चींऽऽ' असा आवाज काढला होता, तो मी स्वयंपाकघरातून पाहिला आणि हसू दाबायला तोंडात ओढणी कोंबली. बाबांना मात्र हसू यायचं नाही. ते माणसाच्या तोंडाकडे एकटक बघायचे, पुन्हा काढायला लावायचे, आणि मग प्रश्न सुरू. सकाळी गाडी गार असताना येतो की तापल्यावर? पाय हलका असताना की दाबल्यावर? वळताना वाढतो का? रिव्हर्स घेताना 'टक्' होतं का? आई चहा घेऊन यायची आणि तिथेच बसून राहायची. समोरचा माणूस पुटपुटत बोलला की ती त्याचंच वाक्य मोठ्याने परत म्हणायची. "हलका पाय असताना येतो म्हणतायत." मला ते अजिबात आवडायचं नाही. दोन माणसं बोलत असताना हिचं काय मध्येमध्ये, असं मी तिला तोंडावर म्हटलेलंही आहे.

मग बाबा निकाल द्यायचे. 'खर्रर्र' म्हणजे पॅड संपले, लोखंड लोखंडावर घासतंय, आजच्या आज बदला. 'घूंऽ' आणि वळताना वाढतो म्हणजे ब्रेक नव्हेच, चाकाचं बेअरिंग. 'टक्' म्हणजे पॅड सैल बसलाय. 'चीं' आणि हलक्या पायाला म्हणजे पॅडची कातडी कडक होऊन चकाकायला लागली आहे. दहांत आठ वेळा बरोबर. लोक म्हणायचे, काकांचा कान म्हणजे मशीन आहे. ऐकून मलाही कॉलर ताठ केल्यासारखं वाटायचं.

आणि म्हणूनच मला बाबांचा राग आला होता.

आई एका मंगळवारी सकाळी बाथरूममध्ये पडली. तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं होतं, म्हणून मी आधीच तिथल्या भिंतीवर बिनवायरची बेल लावून दिली होती, चिमणीसारखी चिवचिवणारी. बटण बाथरूममध्ये, डबी हॉलमध्ये टीव्हीच्या वर. त्या दिवशी बाबा हॉलमध्ये पेपर वाचत होते. दहा पावलांचं अंतर. बऱ्याच वेळाने ते उठून बघायला गेले, मग शेजारी धावले, मग मला फोन आला. "तुझी आई उठंना." हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं, आणि ईसीजीचा कागद बघत म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर प्रयत्न करता आला असता. बाबा तेव्हा फॉर्म भरायला गेले होते. ते वाक्य मी एकटीनेच ऐकलं.

दुसरं वाक्य पुण्यानुमोदनाच्या दिवशी ऐकलं. वंदना झाली, जेवणं झाली, पांढऱ्या कपड्यांतली माणसं चपला शोधत होती, आणि शेजारच्या काकूंनी मला जिन्यात बाजूला घेतलं. काकूंच्या आणि आमच्या हॉलमध्ये एकच भिंत आहे. म्हणाल्या, "त्या दिवशी तुमची ती चिमणी वाजत होती गं. थांबून थांबून, दहा मिनिटं तरी. मला वाटलं, भाऊ घरातच आहेत, उठतील." मग त्या रडल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला रडू आलं नाही.

बाबांची एक सवय होती. आईने हाक मारली की 'आलो' म्हणायचे आणि हातातलं पान संपल्याशिवाय हलायचे नाहीत. आयुष्यभर आमच्या घरात या 'आलो'वरून भांडणं झाली, लुटुपुटीची. आता मला रात्रंदिवस एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. त्या मंगळवारी बाबांनी बेल ऐकली, मनात 'आलो' म्हटलं आणि पान वाचत बसले, असं झालं होतं का? सोसायटीतल्या प्रत्येक गाडीचा आवाज ज्यांना कळायचा त्यांना स्वतःच्या हॉलमधली बेल ऐकू आली नाही, हे मी कसं मानायचं? एकदा ते दुकानात गेले असताना मी बाथरूममध्ये जाऊन बटण दाबून पाहिलं. सेल चांगले होते. हॉल चिवचिवाटाने भरून गेला.

मी विचारलं नाही. हिंजवडीजवळच्या माणमधल्या माझ्या फ्लॅटला कुलूप लावून मी त्यांच्याकडे राहायला आले होते, त्यांना भाकरी करून वाढत होते, गोळ्या काढून देत होते, आणि विचारत नव्हते. तेही काही बोलत नव्हते. आम्ही दोघं घरात एखाद्या बंद पडलेल्या कंपनीचे वॉचमन असल्यासारखे वावरत होतो.

ब्रेकचा विषय मी काढलाच नसता. काकूंनी काढला. एका संध्याकाळी मी पार्किंगमध्ये गाडी लावत होते, बाबा आणि काकू खाली बाकावर बसले होते, आणि काकू म्हणाल्या, "गाडी किती ओरडते गं तुझी." बाबांनी काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पाच आठवड्यांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"कसा येतो? काढून दाखव."

मी पार्किंगमध्ये उभी राहून 'चींऽऽ' केलं. मला लाज वाटली नाही. काहीच वाटलं नाही.

"हलक्या पायाला?"

"हो."

"जोरात दाबलं की जातो?"

"जातो."

"पॅड चकाकलेत. घासून घेऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जुनी पॅन्ट घातली, पुढची दोन्ही चाकं उतरवली, पॅड काढून पॉलिश पेपरने घासले, कडा तासल्या, मागच्या पत्र्याला ग्रीस लावलं. मी पाने हातात देत होते. ते म्हणायचे बारा नंबर, मी बारा नंबर द्यायचे. त्यांचे हात चांगले चालत होते. मग आम्ही सोसायटीला दोन चकरा मारल्या. पहिल्या वळणावरच तो आला, जसाच्या तसा.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "गेला ना?"

मला वाटलं ते थट्टा करतायत. "कुठे गेलाय? हा काय."

"हां, आहे थोडा," ते म्हणाले. "बसायला वेळ लागतो त्याला."

तीन दिवस आम्ही रोज सकाळी चकरा मारल्या. ते रोज माझ्याकडे बघून विचारायचे, कमी झालाय ना? मी म्हणायचे नाही. ते म्हणायचे, हां, आहे थोडा. शेवटी ठरलं की रविवारी चाकणला जायचं. बाबांचा जुना सहकारी तिकडे गॅरेज चालवतो, त्याच्याकडे नवे पॅड बसवून घ्यायचे.

रविवारी सकाळी आम्ही मोशीच्या बाजूने निघालो. सुट्टीचा दिवस असला तरी त्या रस्त्याला सुट्टी नसते. कंटेनर, गाड्या लादलेले ट्रेलर, शिफ्टच्या बसेस. इंद्रायणीच्या पुलानंतर सगळं तुंबलं. मी पाय ठेवत आणि उचलत होते आणि ब्रेक ओरडत होता, काच उघडी असल्यामुळे चांगलाच. बाजूचा मोटरसायकलवाला वाकून म्हणाला, "ताई, ब्रेक बघा, लई वाजतायत." मी मान हलवली. तो पुढे निघून गेला.

"काय म्हणाला?" बाबांनी विचारलं.

"ब्रेक वाजतायत म्हणाला."

"छे. आत्ता तर गप आहे."

त्याच क्षणी ब्रेक वाजत होता. माझा पाय त्यावर होता. इतका की पुढच्या टेम्पोतल्या माणसाने मागे वळून पाहिलं. बाबा रस्त्याकडे बघत होते, हात मांडीवर, चेहरा अगदी शांत.

मग मी एक गोष्ट केली, ती चांगली नव्हती. गाडी थोडी सरकल्यावर पाय हलका ठेवला. ब्रेक किंचाळला. मी सहज आवाजात म्हणाले, "ह्या वेळी नाही आला."

"नाही आला," बाबा म्हणाले.

पुढच्या वेळी मी दाबून ब्रेक मारला. काहीच आवाज झाला नाही. मी तोंड वाकडं केलं. "आला बघा."

"आला. बारीक आहे, पण आहे."

मी हे चार वेळा केलं. एकदा पुरलं असतं. चारही वेळा त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला हवं ते उत्तर दिलं. चाकणच्या अलीकडे डाव्या हाताला एक वजनकाटा आहे, तिथल्या मोकळ्या जागेत मी गाडी घेतली, इंजिन बंद केलं, काचा वर केल्या आणि त्यांच्याकडे तोंड करून बसले.

"बाबा, तुम्हाला तो आवाज येतच नाही."

एक ट्रक काट्यावर चढला, उतरला.

"जाड येतो," ते म्हणाले. "घर्र, घूं, ते येतं सगळं. बारीक नाही येत."

"कधीपासून?"

"तू कॉलेजात होतीस तेव्हा कळलं. त्याच्या आधीपासून असंल."

"मग लोकांच्या गाड्या?"

"म्हणून तर तोंडानं काढायला लावायचो. माणूस तोंडानं किती बी बारीक काढू दे, तो जाडच निघतो. तो मला ऐकू यायचा. बाकीचं विचारून काढायचं. ब्रेक काय, गार का गरम, हलका का जोरात, एवढं कळलं की निम्मं काम झालं."

मी विचारलं, कंपनीत दर वर्षी कान तपासायचे ना? ते पहिल्यांदा थोडं हसले. कंपनीच्या दवाखान्यात काचेची खोली होती. आत बसायचं, कानाला हेडफोन लावायचा, आवाज आला की बोट वर करायचं. बाहेर सिस्टर बटण दाबायची. "तिचा खांदा हालायचा. आम्ही खांदा बघून बोट वर करायचो. सगळी लाइन तशीच पास. नापास झाला तर गाडी फिरवायच्या कामावरनं काढून परत ग्राइंडिंगला. तिथं धूळ खायला कोण जाणार?"

"आईला माहीत होतं?"

"तिलाच माहीत होतं."

त्यांनी सांगितलं की जेवायला बोलवताना ती ट्यूबलाइट बंद-चालू करायची. मला ती उघडझाप आठवत होती. विजेचं बिल वाचवायची आईची धडपड, असं समजून मी तिची नक्कल करायचे, आणि ती मला करू द्यायची. रविवारी ती चहा घेऊन का बसून राहायची तेही तेव्हा मला कळलं. ती लोकांची बारीक बोलणी जाड करून त्यांना देत होती. आणि तो जो 'आलो' होता, तो बाबा तिचा आवाज ऐकून म्हणायचे. तिचा आवाज घोगरा होता, तेवढा त्यांना यायचा.

"आणि बेल?"

"ती मला कधीच आली नाही."

"मी लावली तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तू एवढ्या हौसेनं आणलीस. मी तुझ्या आईला म्हटलं, सांगून टाकू. ती म्हणाली, राहू द्या, पोरीच्या जिवाला बरं वाटतंय. मला काय लागलं तर मी लाइट उघडझाप करीन."

आमच्या बाथरूमच्या लाइटचं बटण बाहेरच्या भिंतीवर आहे.

मला वाटत होतं की उत्तर मिळालं की सुटल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. बाबांवरचा राग गेला, पण त्याच्या जागी काही आलं नाही. बेलच्या त्या डबीत निवडायला बरेच आवाज होते. देवळातल्यासारखी एक जाड घंटा होती, ती मला कर्कश वाटली होती. चिमणी मी निवडली. बॉक्स उघडून, सगळे आवाज एकेक करून वाजवून, सोफ्यावर बसून मी निवडली, आणि बाबा समोर बसून प्रत्येक आवाजाला 'छान आहे' म्हणत होते. हे सगळं मला स्वच्छ दिसत होतं आणि पोटात काहीही होत नव्हतं. मी चावी लावायला हात पुढे केला.

"थांब," बाबा म्हणाले.

ते माझ्याकडे पूर्ण वळून बसले. सीटबेल्ट त्यांच्या गळ्याला कापत होता, तो त्यांनी काढला.

"एवढे दिवस विचारायचं म्हणत होतो. कोणाला विचारावं ते कळेना. काकूंना विचारायचं धाडस होत नव्हतं. त्या दिवशी ती बेल वाजली होती का? मी आपला मनाशी म्हणतो, एकदम गेली ती. बटणापर्यंत हात पोचलाच नसंल. तसंच झालं असंल ना?"

त्या बेलबद्दल पाच आठवडे मी त्यांना एक प्रश्न विचारला नव्हता, आणि आता तिच्याचबद्दल ते मला विचारत होते.

"नाही," मी म्हणाले. "वाजली नव्हती."

ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. मी नजर हलवली नाही, आवाज हलू दिला नाही, जे जे करता येतं ते सगळं केलं. माणूस आवाज कसा काढतो यापेक्षा तो काढताना तोंडाचं काय होतं, हे बघण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याच्यासमोर मी हे करत होते.

"किती वेळ?" त्यांनी विचारलं.

बाहेर काट्यावर दुसरा ट्रक चढत होता आणि त्या घरघरीत त्यांना माझं काही ऐकू आलं नसतं. मी ट्रक उतरून जाईपर्यंत थांबले. मग काकूंनी जिन्यात सांगितलं होतं ते सगळं मी त्यांना सांगितलं, त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश, एकेक शब्द ओठांवर दिसेल असा.